‘कड्याच्या हातून सुटलेले न्यायाधीश’: स्तोत्र 141 मधील एका अवघड ओळीचा अर्थ

कुठे एखादा सत्ताधारी पायउतार झाला, कुठे न्यायासनावर बसलेल्या माणसावरच लाच घेतल्याचा ठपका आला, की बायबल वाचणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक ओळ फिरू लागते. ती स्तोत्रसंहितेतील 141व्या स्तोत्राची सहावी ओळ असते आणि ढोबळमानाने तिचा आशय असा सांगितला जातो की, दुष्टांचे न्यायाधीश कड्यावरून खाली लोटले जातील. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने निकाल लागलेला असतो. मात्र ज्याला ती ओळ आली आहे त्याने स्तोत्र उघडून पुढचा अर्धा भाग वाचला, तर तो गोंधळतो, कारण तेथे लिहिले आहे की लोक ‘माझी वचने ऐकतील, कारण ती गोड आहेत’. कडा कोसळतो आहे, माणसे खाली पडत आहेत आणि मध्येच हे गोड शब्द कुठून आले? त्याच्या पुढची ओळ तर हाडे विखुरल्याचे सांगते, आणि ती हाडे न्यायाधीशांची नसून ‘आमची’ आहेत.

हा गोंधळ आजचा नाही. ख्रिस्ती धर्माच्या पूर्वेकडील परंपरांमध्ये हे स्तोत्र शतकानुशतके संध्याकाळच्या उपासनेत म्हटले जाते. ‘माझी प्रार्थना तुझ्यापुढे धूपासारखी असो, माझे उचललेले हात संध्याकाळच्या अर्पणासारखे असोत’ ही त्यातील दुसरी ओळ त्यामुळे असंख्य लोकांना पाठ आहे. चौथ्या शतकातील विख्यात धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम यांनीच तक्रार केली होती की, या स्तोत्राचे शब्द बहुतेक सर्वांना येतात, लोक ते आयुष्यभर गातात, पण त्यांचा अर्थ मात्र त्यांना ठाऊक नसतो.

संदर्भ शोधताना एक अडचण येते, ती आधीच सांगून टाकतो. हिब्रू मूळ ग्रंथातील 141वे स्तोत्र जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांत 140 क्रमांकाने येते, कारण त्या भाषांतरांनी नववे आणि दहावे स्तोत्र एकत्र जोडले आहे. मराठी बायबलमध्ये हिब्रू क्रमांक आहेत.

आठ शब्दांची ओळ

मुळात ही ओळ फक्त आठ हिब्रू शब्दांची आहे. तिचा उच्चार साधारण असा होतो: ‘निश्मतू बीदे सेला शोफ्तेहेम, वेशामऊ अमाराय की नाएमू’. शब्दाला शब्द ठेवून मी तिचे मराठी असे करीन: ‘त्यांचे न्यायाधीश कड्याच्या हातून सुटले, आणि ते माझी वचने ऐकतील, कारण ती गोड आहेत.’

यातील बहुतेक शब्द दुर्मीळ नाहीत. ‘हात’, ‘खडक’, ‘न्यायाधीश’, ‘ऐकणे’, ‘गोड’ हे सगळे शब्द हिब्रू शिकणाऱ्याला लवकरच भेटतात. अवघडपणा शब्दांत नसून शब्दांच्या जोडणीत आहे. घरात सर्व माणसे ओळखीची असावीत आणि तरीही ती एकमेकांची कोण लागतात ते कळू नये, तशी या ओळीची अवस्था आहे.

त्यात हिब्रू लिपीची एक सवय भर घालते. प्राचीन काळी ती लिपी मुख्यतः व्यंजनांची होती. स्वरांची खूण करणाऱ्या टिंबा-रेघांची पद्धत ज्यू पंडितांनी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात पक्की केली. मोडी कागद वाचणाऱ्यांना ही अडचण लगेच समजेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द अनेकदा सलग लिहिलेले असतात, त्यामुळे कुठे तोडायचे आणि काय उच्चारायचे हे वाचणारा संदर्भावरून ठरवतो. बहुतेक वेळा तो बरोबर ठरवतो. अडते ते एखाद्याच ओळीपाशी.

‘सुटले’ म्हणजे पडले की मोकळे झाले?

ओळीचे पहिले क्रियापद ज्या धातूपासून आले आहे तो ‘शामत’ हा धातू मोठा गमतीचा आहे. दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात येहू राणी ईजबेलला खिडकीतून खाली टाकण्याची आज्ञा देतो, तेथे हाच धातू आहे आणि तेथे अर्थाबद्दल शंकेला जागा नाही. पण निर्गम पुस्तकाच्या 23व्या अध्यायात सातव्या वर्षी शेत पडीक ठेवावे, म्हणजे जमिनीला मोकळे सोडावे, असा नियम आहे. तेथेही हाच धातू आहे. अनुवाद पुस्तकाच्या 15व्या अध्यायातील कर्ज सोडून देण्याच्या नियमाचे ‘शमिट्टा’ हे नावही त्यावरूनच पडले. इस्राएलमध्ये असे सातवे वर्ष अजूनही पाळले जाते आणि 2021-22 हे तसे वर्ष होते. कराराचा कोश, म्हणजे इस्राएलांची पवित्र पेटी, घेऊन जाणारे बैल अडखळले, असे दुसऱ्या शमुवेलाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, तेथेही हेच क्रियापद आहे.

फेकणे, सोडणे, माफ करणे आणि निसटणे हे सगळे अर्थ एका शब्दात कसे मावतात, हा प्रश्न इंग्रजी वाचकाला पडतो. मराठी वाचकाला तो तितकासा पडू नये, कारण आपले ‘सुटणे’ हेच सारे करते. कैदी सुटतो तेव्हा आनंद असतो, नोकरी सुटते तेव्हा चिंता असते आणि कड्यावर हात सुटतो तेव्हा माणूस जिवानिशी जातो. तिन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच आहे: धरून ठेवणारी पकड उरली नाही. म्हणूनच वर मी ‘लोटले गेले’ असे न लिहिता ‘सुटले’ असे लिहिले. न्यायाधीशांना कोणी ढकलले हे मूळ ओळ सांगत नाही. ज्याला धरून ते उभे होते त्याची पकड सुटली, एवढेच ती सांगते.

या दुहेरी अर्थामुळे काही जुन्या भाष्यकारांनी ओळीचे चित्रच उलटे केले. स्तोत्राच्या शीर्षकात दावीदाचे, म्हणजे पुढे इस्राएलचा राजा झालेल्या माणसाचे, नाव आहे, म्हणून त्यांनी 1 शमुवेलाच्या 24व्या अध्यायाकडे बोट दाखवले. तेथे शौल राजा दावीदाच्या जिवावर उठून एन-गेदीच्या रानबकऱ्यांच्या खडकांत शिरतो, नेमका दावीद लपलेल्या गुहेतच येतो, आणि दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापून त्याला सोडून देतो. मग बाहेर येऊन तो दुरून बोलतो आणि शौल रडू लागतो. ही कथा डोळ्यांपुढे ठेवली तर ओळ अशी वाचता येते की, त्यांचे सत्ताधीश खडकापाशी सोडून दिले गेले आणि तेव्हा माझे बोलणे गोड होते हे त्यांनी ऐकले. वाचन देखणे आहे, आणि ‘गोड’ या शब्दाचा उलगडाही त्यात सहज होतो. मला मात्र ते पटत नाही, कारण शेजारच्या ओळींत सोडून देण्याचा सूर कुठेच नाही. दहावी ओळ तर दुष्ट आपल्याच जाळ्यात पडोत असे उघड मागते.

खडकाला हात कसे?

‘बीदे सेला’ याचा शब्दशः अर्थ ‘खडकाच्या हातांत’ किंवा ‘खडकाच्या हातून’ असा होतो. हिब्रूत ‘हात’ या शब्दाचा अर्थ ‘बाजू’ असाही होतो, आणि पुन्हा एकदा मराठीला हे परके नाही, कारण रस्ता सांगताना आपण ‘डाव्या हाताला विहीर लागेल’ असेच म्हणतो. म्हणून बरेच अनुवादक ‘कड्याच्या बाजूंवरून’ असे लिहितात, आणि ते चूक नाही.

तरी मी ‘हात’ ठेवला, त्याला कारण आहे. याच स्तोत्राच्या नवव्या ओळीत कवी म्हणतो की, माझ्यासाठी मांडलेल्या फाशाच्या ‘हातांतून’ मला राख. तेथेही हिब्रूत हाच शब्द आहे. एकाच कवितेत तीन ओळींच्या अंतराने खडकालाही हात आहेत आणि सापळ्यालाही हात आहेत. हा योगायोग नसावा. कवीच्या जगात निर्जीव वस्तूंनाही पकड आहे. एकाला कडा धरून ठेवत नाही आणि दुसऱ्याला फास सोडत नाही.

कड्यावरून माणसे लोटण्याची शिक्षा त्या काळी ऐकिवात होती. यहूदाचा राजा अमस्या याच्या लोकांनी 10,000 कैद्यांना कड्याच्या माथ्यावरून खाली टाकले, असे 2 इतिहासाच्या 25व्या अध्यायात आहे, आणि तेथेही कड्यासाठी ‘सेला’ हाच शब्द वापरला आहे. दुसरीकडे, 18व्या स्तोत्रात ‘परमेश्वर माझा खडक’ म्हणताना कवी हाच शब्द योजतो. त्यामुळे ‘खडकाच्या हाती पडले’ म्हणजे देवाच्याच हाती सापडले, असाही अर्थ काही जण काढतात. तो सूचित अर्थ म्हणून मान्य करता येईल. पण केवळ तोच खरा आहे असे म्हणणे मात्र ताणून धरल्यासारखे होईल.

हे न्यायाधीश कोण?

‘शोफेत’ या शब्दाचे भाषांतर ‘न्यायाधीश’ असे होत असले, तरी काळा कोट घालून कोर्टात बसणारी व्यक्ती डोळ्यांपुढे आणू नये. इस्राएलात राजे येण्यापूर्वी लोकांचे नेतृत्व करणाऱ्या गिदोन, दबोरा यांसारख्यांना हाच शब्द लावला आहे. त्यांच्या कथांच्या पुस्तकाला मराठी बायबलमध्ये ‘शास्ते’ म्हणतात आणि ते नाव नेमके आहे. कार्थेज नगरातील सर्वोच्च अधिकाऱ्यांची ‘सुफेत’ ही पदवी याच शब्दाची बहीण आहे. आपल्याकडे गावचा पाटील जसा सारा वसूल करी आणि तंटेही सोडवी, तसा सत्ता आणि न्याय एकाच हाती असलेला हा माणूस समजावा. अशा माणसाने लाच घेतली तर वर दाद मागायला कोणी उरत नाही. लाच डोळसांनाही आंधळे करते, हा इशारा निर्गमाच्या 23व्या अध्यायात आहे तो याच धास्तीने.

‘त्यांचे’ म्हणजे कोणाचे, हे त्यामानाने सोपे आहे. चौथ्या ओळीत ‘अधर्म करणारी माणसे’ आली आहेत; हे न्यायाधीश त्यांचे पुढारी आहेत. खरी अडचण ‘ते ऐकतील’ यातील ‘ते’ ची आहे. पडणारे न्यायाधीशच ऐकतील, की त्यांच्यामागे गेलेली माणसे ऐकतील? हिब्रू क्रियापदात कर्ता पोटात असतो, जसा आपल्या ‘ऐकतील’ या एकाच शब्दात असतो, आणि सांगणाऱ्याने नाव घेतले नाही तर ऐकणाऱ्याने ते ओळखायचे असते. मला दुसरा पर्याय अधिक योग्य वाटतो, कारण कड्यावरून पडलेल्याला कविता ऐकायला सवड नसते.

भाषांतरांत एवढा फरक का?

इंग्रजीतील 1611 च्या प्रसिद्ध भाषांतराने ‘त्यांचे न्यायाधीश खडकाळ जागी उलथून पडतील तेव्हा ते माझे शब्द ऐकतील’ अशा अर्थाची रचना केली. 1952 च्या एका मान्यवर इंग्रजी आवृत्तीने न्यायाधीशांना पाडणे सोडून दिले आणि दुष्टांनाच शिक्षा सुनावणाऱ्यांच्या हवाली केले. शिवाय ‘माझी वचने’ काढून तेथे ‘परमेश्वराचे वचन’ बसवले. म्हणजे एकात न्यायाधीश आरोपी आहेत आणि दुसऱ्यात ते निकाल देणारे आहेत.

सर्वांत रंजक चूक जुनी आहे. ग्रीक भाषांतरकारांनी लिहिले की न्यायाधीश खडकापाशी ‘गिळले गेले’, आणि शब्द ‘गोड झाले’. ग्रीकमध्ये ‘गोड झाले’ आणि ‘समर्थ झाले’ ही दोन क्रियापदे दिसायला आणि ऐकायला इतकी जवळची आहेत की, नक्कल करताना एखाद-दुसरे अक्षर इकडचे तिकडे झाले की अर्थ बदलतो. तसेच घडले. लॅटिन बायबलमध्ये ‘समर्थ झाले’ हे वाचन शिरले आणि पश्चिम युरोपने शेकडो वर्षे हे स्तोत्र गोडीविनाच म्हटले.

मग हा मजकूर विश्वासार्ह तरी आहे काय, अशी शंका येथे कोणीही घेईल. ती रास्त आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: अक्षरे कोणती आहेत हा एक प्रश्न आणि त्यांचा अर्थ काय हा दुसरा. मृत समुद्राकाठी कुमरानच्या अकराव्या गुहेत 1956 साली स्तोत्रांची एक गुंडाळी सापडली. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मानली जाते, आणि या स्तोत्राच्या पाचव्या ओळीपासून शेवटापर्यंतचा भाग तिच्यात आहे. मजकूर दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांसमोर होता. वाद आहे तो प्रामुख्याने त्याच्या अर्थाचा.

भाषांतर करणाऱ्याला मात्र वाद घालत बसता येत नाही. त्याला एक अर्थ निवडून पुढच्या ओळीकडे जावे लागते. पंडिता रमाबाई यांनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम आयुष्याच्या उत्तरार्धात केले. 1922 साली त्या गेल्या आणि ते भाषांतर 1924 साली छापून निघाले. अशा ओळींपाशी त्यांची लेखणी किती वेळा थांबली असेल, याची कल्पना हे आठ शब्द हाताळताना येते.

पडले की पडतील?

एक लहान मुद्दा काळाचा. हिब्रूत ‘सुटले’ हे क्रियापद पूर्ण झालेल्या कृतीचे आहे, पण अनेक भाषांतरांत ते भविष्यकाळात येते. यात लबाडी नाही. जे नक्की घडणार ते घडलेच आहे असे बोलण्याची पद्धत हिब्रू कवींमध्ये होती, आणि ती आपल्यातही आहे: ‘हा मी आलोच’ म्हणणारा अजून घरीच असतो, आणि ‘मेलो आता’ म्हणणारा जिवंत असतो.

गोडी कशाची?

आता ज्या शब्दापाशी सगळे अडखळतात त्याकडे येऊ. माझ्या मते ओळीची किल्ली तेथेच आहे, आणि ती शोधायला दोनच ओळी मागे जावे लागते.

चौथ्या ओळीत कवी देवाकडे मागतो की माझे मन वाईटाकडे वळू देऊ नकोस आणि त्या माणसांची ‘मिष्टान्ने’ मला खाऊ देऊ नकोस. ‘मिष्टान्ने’ साठी हिब्रूत ‘मनअम्मीम’ हा शब्द आहे, आणि सहाव्या ओळीतील ‘नाएमू’, म्हणजे ‘गोड आहेत’, हा त्याच धातूचा आहे. हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानाला ही जोडी लगेच जाणवते. भाषांतरात एकीकडे ‘पक्वान्न’ आणि दुसरीकडे ‘मधुर’ आले की ती तुटते. कवीने दोन गोडी समोरासमोर ठेवल्या आहेत: त्यांच्या ताटातील आणि आपल्या शब्दांतील.

ताटातल्या गोडीची भीती मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. खाल्ल्या मिठाला जागावे लागते हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि जो जागतो त्याला पुढे ताटाखालचे मांजर म्हणतात. कवीला ठाऊक आहे की भ्रष्ट पुढारी विरोधकाला नेहमी दरडावत नाही. अनेकदा तो त्याला पंगतीला बसवतो. म्हणूनच या स्तोत्रातील पहिल्या विनंत्या शत्रूबद्दल नसून स्वतःबद्दल आहेत: माझ्या तोंडावर पहारा ठेव, माझे मन वळू देऊ नकोस, मला तेथे जेवू देऊ नकोस.

या दोन गोडींच्या मधोमध पाचवी ओळ आहे: नीतिमानाने मला मारले तरी ती माया आहे, त्याने कान उघाडणी केली तरी ते डोक्यावरचे तेल आहे. पाहुण्याच्या डोक्याला तेल लावणे हा त्या समाजात आदराचा उपचार होता. म्हणजे मेजवानीची सारी सामग्री येथे आहे, पण उलटी मांडलेली. दुष्टांच्या पंगतीत पक्वान्न आहे आणि ते नाकारायचे आहे; सज्जनाच्या हातून फटका आहे आणि तो अभ्यंग समजून स्वीकारायचा आहे. या क्रमाने सहाव्या ओळीपाशी आलो की गोडी अनपेक्षित राहत नाही. ज्या माणसांनी आजवर पुढाऱ्यांच्या ताटातील गोड चाखले त्यांना कवीचे शब्द कडू वाटत होते. पुढारी गेले, पंगत उठली आणि आता त्याच शब्दांची चव त्यांना कळेल, असे कवी म्हणतो.

यावर कोणी म्हणेल की, ‘माझे शब्द गोड आहेत’ ही आत्मस्तुती झाली. ज्याने तिसऱ्या ओळीत स्वतःच्याच तोंडावर पहारेकरी मागितला, त्याच्यावर हा आरोप टिकत नाही. शिवाय आपल्याकडे ‘गोडबोल्या’ ही शिवी आहे, आणि हिब्रू कवीलाही गुळचट बोलण्याची तितकीच चीड आहे. त्याची गोडी फटक्यानंतरच्या तेलाची आहे.

ही सूडाची प्रार्थना आहे काय?

काही अंशी आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दहाव्या ओळीत दुष्टांच्या पतनाची इच्छा स्पष्ट आहे. पण ते आपल्याच जाळ्यांत पडोत असे तेथे म्हटले आहे. जाळे कवीने विणलेले नाही. सहाव्या ओळीत तर मागणीही नाही, वर्णन आहे. त्यामुळे एखाद्या पक्षाच्या पराभवानंतर विजयी पक्षाच्या समर्थकाने ही ओळ शिक्का म्हणून वापरणे मला खटकते. त्याने आधी चौथी ओळ वाचून स्वतःचे ताट पाहावे, एवढे तरी हे स्तोत्र मागतेच.

शिवाय सातवी ओळ विजयाचा सूर टिकू देत नाही. नांगर जमीन फोडतो आणि ढेकळे विखुरतात, तशी ‘आमची हाडे अधोलोकाच्या तोंडाशी विखुरली आहेत’. काही अनुवादकांना हे इतके विसंगत वाटले की त्यांनी ‘त्यांची हाडे’ असे केले. मग ओळ सरळ होते आणि पडलेल्या न्यायाधीशांचीच राहते. मला ‘आमची’ हेच बरोबर वाटते. भ्रष्ट सत्ता कोसळते तेव्हा तिच्याखाली आधीच चिरडलेली माणसे उठून उभी राहत नाहीत. त्यांची हाडे तेथेच असतात. मूळ भाषेत ‘माझ्या तोंडाला’ आणि ‘अधोलोकाच्या तोंडाशी’ येथे ‘लेफी’ हाच उच्चार दोनदा येतो: एका तोंडावर पहारा आहे, दुसरे उघडेच आहे.

आणि कवी स्वतः कुठे उरतो? न्यायाधीशांची जागा रिकामी झाली, तरी तेथे आपण बसावे असे तो कुठेच मागत नाही. दुष्ट आपल्या जाळ्यांत पडोत आणि मी तेवढा निघून जावा, इतकेच शेवटच्या ओळीत आहे, आणि स्तोत्राचे अखेरचे हिब्रू क्रियापदही ‘पार होणे’ हेच आहे.